जादूगार पहिल्याच खोलीत मेला, मग समतोल कुठे होता?

सिनॉप्सिस लिहायला बसलेला प्रत्येक जण एक वाक्य हमखास लिहितो: ‘पूर्वीच्या पद्धतीत काही त्रुटी आहेत.’ मीही लिहिलं होतं. गाईडनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि विचारलं, ‘त्रुटी कशाच्या मानाने?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते वाक्य लिहिलं होतं, कारण सगळेच लिहितात.

तुम्ही पेटची, मुलाखतीची किंवा पहिल्या सिनॉप्सिसची तयारी करत असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारणार आहे. आज त्याचा सराव आपण रिसर्च पेपरवर नाही, एका खेळाच्या नियमपुस्तकावर करू. खेळाचा फायदा असा की त्यातले सगळे आकडे उघडे असतात. फासा किती बाजूंचा, किती आला की काय होतं, सगळं छापलेलं. प्रयोगशाळेची गरज नाही, कागद-पेन पुरे.

खेळ आणि आरोप

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो तळघरं, राक्षस, सापळे सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र खेळतात: योद्धा, जादूगार, चोर, धर्मगुरू वगैरे. पात्राला अनुभवाचे गुण मिळतात, त्यांना एक्सपी म्हणतात. एक्सपी साठले की पात्राची लेव्हल वाढते.

मी तपासायला घेतलेली आवृत्ती १९८१ ची आहे. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेला ‘बेसिक’ संच लेव्हल १ ते ३ साठी, आणि डेव्हिड कुक यांचा ‘एक्स्पर्ट’ संच लेव्हल ४ ते १४ साठी. दोन्ही पुस्तकं ६४-६४ पानांची. जुन्या नियमांपैकी ही सगळ्यात स्वच्छ लिहिलेली, आणि आजही आवडीने खेळली जाणारी.

ह्या पुस्तकांवरचा नेहमीचा आरोप असा: ‘ह्यात समतोल नाही. सुरुवातीला जादूगार फुंकर मारली तरी मरतो, पुढे तोच सगळ्यांचा बाप होतो, आणि योद्धा बिचारा तलवार फिरवत राहतो.’ बचाव करणारे म्हणतात, ‘समतोल आहे, पण तो एका लढाईत बघायचा नसतो, पूर्ण मोहिमेत बघायचा असतो.’

दोन्ही वाक्यं ऐकायला बरी वाटतात. दोघांनीही आकडेमोड केलेली नसते. आपण करू.

आधी आरोप मोजू

पहिल्या लेव्हलचा योद्धा ८ बाजूंच्या फाशाने आपले हिट पॉइंट्स ठरवतो, जादूगार ४ बाजूंच्या. हिट पॉइंट्स शून्यावर आले की पात्र मेलं. योद्ध्याला चिलखत आणि ढाल घेता येते, जादूगाराला चिलखत चालत नाही. समोर एक साधा ऑर्क आहे, त्याचा फटका ६ बाजूंच्या फाशाचा. शरीरयष्टीचे वगैरे बोनस बाजूला ठेवू.

ऑर्कला जादूगाराला लागण्यासाठी २० बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत: शक्यता ५५ टक्के. पूर्ण चिलखत आणि ढाल घेतलेल्या योद्ध्यासाठी १७ किंवा जास्त हवेत: २० टक्के. फटका लागला तर जादूगार त्याच फटक्यात मरण्याची शक्यता ७५ टक्के, योद्ध्याची सुमारे ४४ टक्के. गुणाकार करा. एका हल्ल्यात जादूगार मरण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के, योद्ध्याची सुमारे ९ टक्के.

म्हणजे आरोपाचा पहिला भाग खरा आहे. हॉस्टेलवर आम्ही हा खेळ मांडला तेव्हा मीच डीएम होते. एका मित्राने हौसेने जादूगार घेतला, त्याला नाव दिलं, गाव दिलं, भूतकाळ दिला. पहिल्याच खोलीत, साधारण विसाव्या मिनिटाला, तो गेला. मी म्हटलं, ‘अरे, हा खेळ असाच आहे, पुढे जादूगार भारी होतो.’ तो म्हणाला, ‘पुढे कोण होतो? मी तर गेलो.’ नंतर तो सगळ्यांसाठी चहा करत बसला. त्याचं वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पहिला बचाव: जादूगाराला लेव्हल महाग पडते

बचाव करणाऱ्यांचा आवडता मुद्दा हा. योद्ध्याला दुसरी लेव्हल २,००० एक्सपीला मिळते, जादूगाराला २,५०० ला. चोराला फक्त १,२०० लागतात. म्हणजे ताकदवान पात्राला जास्त किंमत मोजावी लागते. वरवर पाहता हिशोब चोख आहे.

आता तक्ता पूर्ण वाचा. योद्धा: २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००. जादूगार: २,५००, ५,०००, १०,०००, २०,०००, ४०,०००. प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. नवव्या लेव्हलपर्यंत बघितलंत तर दोघांचं गुणोत्तर कायम १.२५ आहे: २,४०,००० ला योद्धा पोचतो, ३,००,००० ला जादूगार.

इथे जरा थांबून विचार करा. तक्ता दुप्पट-दुप्पट वाढत असेल, तर किंमत दुप्पट असण्याचा अर्थ फक्त ‘एक लेव्हल मागे’ एवढाच होतो. १.२५ पट किंमत म्हणजे लॉगॅरिदमच्या हिशोबात ०.३२ लेव्हल मागे. पहिल्या लेव्हलला तेवढंच, आठव्या लेव्हलला तेवढंच. दोघांचे एक्सपी सारखे धरले तर प्रवासाचा पाऊण भाग दोघे एकाच लेव्हलवर असतात, आणि पाव भाग जादूगार एक लेव्हल मागे असतो. चोराचीही तीच गत. २०,००० एक्सपीला चोर सहाव्या लेव्हलवर, योद्धा आणि जादूगार पाचव्या. इतक्या कमी किमतीचा फायदा काय, तर एक लेव्हल.

दंड स्थिर आहे. ताकद मात्र स्थिर नाही. पाचव्या लेव्हलला योद्ध्याचा नेम २० बाजूंच्या फाशावर २ ने सुधारलेला असतो, म्हणजे १० टक्के जास्त शक्यता. हल्ला अजूनही एका वेळी एकच. जादूगाराला त्याच लेव्हलला फायरबॉल मिळतो: ६ बाजूंचे ५ फासे, सरासरी साडेसतरा, आणि तोही २० फूट त्रिज्येतल्या प्रत्येकावर. पुढे लेव्हलगणिक फासे वाढतात, आणि असे मंत्रही वाढतात. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या की गुणाकार होतो.

तेव्हा निकाल: पहिला बचाव नापास. वाढत्या फरकावर स्थिर दंड लावून समतोल साधत नाही. तक्त्यातले मोठे आकडे बघून आपण फसतो. ३,००,००० हा आकडा २,४०,००० पेक्षा कितीतरी मोठा वाटतो, पण मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे. तुमच्या विषयात पीएच असेल, डेसिबल असेल, तिथेही हीच चूक होते. आकडा किती मोठा आहे हे विचारण्याआधी पट्टी कुठली आहे ते विचारा.

दुसरा बचाव: तो कंटाळवाणा नियम

आता जो मुद्दा बचाव करणारे फारसा मांडत नाहीत, तो माझ्या मते सगळ्यात मजबूत आहे.

पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एक मंत्र. तो मंत्र ‘स्लीप’ असेल, तर ८ बाजूंच्या दोन फाशांइतके, सरासरी ९ ऑर्क एका दमात झोपतात, आणि त्यांना वाचण्याची संधीही मिळत नाही. योद्ध्याला ऑर्कवर नेम साधण्याची शक्यता ४० टक्के, फटका सरासरी साडेतीन. ९ ऑर्कचे मिळून साधारण ४० हिट पॉइंट्स. म्हणजे एकट्या योद्ध्याला किमान २९ फेऱ्या. जादूगाराला एक.

मग कमकुवत कोण? उत्तर एका आकड्यावर अवलंबून आहे: दिवसातून किती लढाया होतात. एकच लढाई होत असेल तर जादूगार राजा. सहा होत असतील तर पाच लढाया तो भिंतीला पाठ लावून उभा. हा आकडा पात्रांच्या पानावर कुठेही नाही. मग तो ठरवतं कोण?

तो ठरवतो भटक्या राक्षसांचा नियम. तळघरात दर २० मिनिटांनी डीएमने ६ बाजूंचा फासा टाकायचा. १ आला तर कोणीतरी फिरत येऊन धडकतं. मंत्र परत मिळवायला रात्रभर झोप हवी. समजा पात्रांनी तळघरातच ८ तास झोपायचं ठरवलं. ८ तासांत २४ वेळा फासा पडणार. एकदाही १ न येण्याची शक्यता ५/६ चा २४ वा घात, म्हणजे सुमारे १.३ टक्के. शंभरातली एखादीच रात्र शांत जाणार.

म्हणून बाहेर पडावंच लागतं. वाटेत पुन्हा तेच फासे, मशालीही संपत आलेल्या. आणि ह्या भटक्यांशी लढून फारसं काही हाती लागत नाही, कारण एक्सपीचा मोठा वाटा राक्षस मारून नाही, खजिना बाहेर आणून मिळतो: सोन्याचं एक नाणं, एक एक्सपी. भटक्या राक्षसाकडे बहुतेक वेळा खजिना नसतो. म्हणजे वेळ घालवणं हेच ह्या खेळात सगळ्यात महाग आहे, आणि जादूगाराची मंत्रशक्ती वेळेवर चालते. योद्ध्याची तलवार चालत नाही. ती शेवटच्या खोलीतही तेवढीच धारदार.

माझ्या मते ह्या पुस्तकातला खरा समतोल इथे आहे. आणि गंमत बघा, बरेच गट पहिल्यांदा टाकून देतात तो हाच नियम. ‘दर वीस मिनिटांनी काय फासा टाकायचा, कंटाळा येतो.’ आम्हीही टाकला होता. दुसऱ्या डावापासून मी फासे टाकणं बंद केलं, आणि मग जादूगार एक मंत्र मारायचा, सगळे झोपायचे, उठून पुढची खोली. चार डावांनंतर योद्धा खेळणारी मैत्रीण म्हणाली, ‘मी इथे का आहे?’ नियमपुस्तकात दोष आहे असं आम्ही ठरवून टाकलं. दोष आमच्या प्रयोगात होता. कंट्रोल काढून टाकला आणि रिझल्ट बिघडला म्हणून मूळ लेखकाला नावं ठेवली.

जुना प्रयोग पुन्हा करताना निकाल जुळला नाही, तर पेपर चुकीचा म्हणण्याआधी मेथड्सचा भाग पुन्हा वाचा. तापमान, वेळ, किती वेळा ढवळलं. कंटाळवाण्या ओळी. बऱ्याचदा सगळा भार त्यांच्यावर असतो.

तिसरा बचाव: दुर्मिळता आणि मर्यादा

सगळंच लेखकांच्या पदरात टाकायचं नाही. एल्फ घ्या. ह्या आवृत्तीत एल्फ योद्ध्यासारखा लढतो, चिलखत घालतो, आणि त्याच चिलखतात जादूही करतो. किंमत: दुसऱ्या लेव्हलला ४,००० एक्सपी, म्हणजे योद्ध्याच्या दुप्पट. वरचं गणित आठवत असेल तर तुम्हीच सांगाल: एक लेव्हल मागे, बस. दुसरी अट: एल्फला दहाव्या लेव्हलच्या पुढे जाता येत नाही.

आता विचारा, किती गटांची मोहीम दहाव्या लेव्हलपर्यंत चालते? परीक्षा येतात, नोकऱ्या लागतात, माणसं गाव सोडतात. आमची मोहीम तिसऱ्या लेव्हलवर संपली. ज्या दिवसापर्यंत आपण पोचणारच नाही, त्या दिवसाच्या दंडाला कोण घाबरतं? मग एल्फ दुर्मिळ तरी आहे का? बुद्धिमत्ता ९ किंवा जास्त हवी. ६ बाजूंच्या तीन फाशांवर ही शक्यता ७४ टक्के. चारातले तीन जण एल्फ होऊ शकतात. हा नियम मला सरळसरळ फसलेला वाटतो.

दुर्मिळता खरोखर असती तरी प्रश्न सुटला नसता. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत पॅलाडिन हा खास योद्धा आला. त्याला करिष्मा १७ किंवा जास्त लागायचा. तीन फाशांवर ही शक्यता २१६ पैकी ४, म्हणजे २ टक्क्यांहून कमी. हजार पात्रांची सरासरी काढली तर पॅलाडिनमुळे काही बिघडत नाही. पण टेबलावर हजार पात्रं नसतात, पाच असतात. त्यातल्या एकाला पॅलाडिन मिळाला की उरलेल्या चौघांना ‘हे क्वचित होतं’ सांगून काय समाधान मिळणार?

सरासरी कोणाची?

आता मित्राचं वाक्य घ्या: ‘पुढे कोण होतो? मी तर गेलो.’

‘सुरुवातीला कमजोर, शेवटी बलवान, म्हणून एकूण समतोल’ ह्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: जो सुरुवातीला सोसतो तोच शेवटी उपभोगतो. समजा शंभर जादूगारांपैकी वीस जण पाचव्या लेव्हलला पोचले. त्या विसांना फायरबॉल मिळाला, उरलेल्या ऐंशींना काही नाही. सरासरी ठीक दिसेल, पण सरासरीसारखं आयुष्य कोणाच्याच वाट्याला आलेलं नसेल. आणि वर्षांनंतर ‘आमचा जादूगार नवव्या लेव्हलला पोचला होता, काय मजा यायची’ असं सांगणारे कोण असतील? त्या विसातलेच. बाकीचे गोष्ट सांगायला उरलेच नाहीत. वाचलेल्यांकडून गोळा केलेला डेटा नेहमीच असा गोड असतो.

त्यात १९८१ ची एक खास अडचण आहे. सोसण्याचा काळ ‘बेसिक’मध्ये आणि फायरबॉल ‘एक्स्पर्ट’मध्ये. ज्याने पहिला संचच घेतला, त्याच्या मोहिमेत परतफेड छापलेलीच नाही.

ह्याला लेखकांच्या बाजूने एक उत्तर आहे. १९७४ च्या मूळ पुस्तकात एका मोहिमेत ४ ते ५० खेळाडू चालतील असं म्हटलेलं आहे. इतके लोक, प्रत्येक वेळी वेगळे, एकेकाची अनेक पात्रं. एक मेलं की दुसरं घेऊन पुढच्या आठवड्यात हजर. अशा ठिकाणी एक जादूगार मरणं म्हणजे एक डाव हरणं. एकाच खेळाडूने दहा पात्रं खेळली तर सरासरी त्याच्या वाट्याला खरंच येते. आम्ही पाच जण, एकेकच पात्र, आणि त्या पात्राला गाव आणि भूतकाळ. नियम तेच होते, नमुन्याचा आकार बदलला होता. पन्नासांसाठी बांधलेला समतोल पाचांत वाहून नेता येत नाही.

निकाल

पुढच्या आवृत्त्यांनी ह्यावर उपाय शोधले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्या पात्रांना एकच एक्सपी तक्ता दिला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या: काही कधीही वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. समतोल मोजायला सोपा झाला. सगळी पात्रं सारखीच वाटतात अशी तक्रारही लगेच आली. लहानपणी आपण धाकट्याला लिंबू-टिंबू म्हणून खेळात घ्यायचो. त्याच्यासाठी नियम वेगळा असायचा म्हणूनच तो खेळू शकायचा. समतोल म्हणजे सारखेपणा नव्हे, हे आपल्याला सात वर्षांचे असताना कळत होतं.

माझं मत विचाराल तर: १९८१ चे नियम ‘असंतुलित’ नाहीत आणि ‘मोहिमेत संतुलित’ही नाहीत. एक्सपी तक्ता समतोल साधत नाही. एल्फचा नियम फसला आहे. भटक्या राक्षसांचा नियम मात्र उत्तम काम करतो, फक्त तो काय काम करतो हे पुस्तक नीट समजावून सांगत नाही, म्हणून लोक तो टाकून देतात. नियम लिहिणाऱ्याने कारण लिहिलं नाही, तर वाचणारा नेमका महत्त्वाचाच नियम गाळतो. पुस्तकावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

आता तुमची सिनॉप्सिस काढा. ‘पूर्वीच्या पद्धतीत त्रुटी आहेत’ हे वाक्य शोधा, असणारच. त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहून बघा: कशाच्या मानाने, कुठल्या पट्टीवर, आणि कोणाची सरासरी. लिहिता आल्या तर वाक्य ठेवा. नाही आल्या तर खोडा.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये त्या एका वाक्याच्या जागी शेवटी दीड पान आलं. आणि हो, त्या मित्राला मी पुन्हा खेळायला बोलावलंय. ह्या वेळी प्रत्येकाला तीन-तीन पात्रं, आणि दर वीस मिनिटांनी फासा मी टाकणार आहे, कितीही कंटाळा आला तरी.